मापाची वही

आठवा तांडेल मालिका सोडून गेला त्या मंगळवारी
कोट माझ्याकडे आला, नेहमीसारखा, कागदी पिशवीतून.
खिशात पेपरमिंटची एक गोळी आणि पार्किंगची पावती.
उजव्या कोपराला कापड विरलेलं.
संवाद विसरला की तो टेबलावर कोपर टेकायचा,
साऱ्या देशाला वाटायचं, तांडेल विचार करतोय.

एकेचाळीस वर्षं चाललंय हे.
ताऱ्यांमधल्या काळ्या खाडीतून होडी नेणारा एक माणूस,
पलीकडे उतरतो तेव्हा कधीकधी चेहरा दुसराच असतो.
कोट तोच.
म्हणजे, असं तुम्ही समजता.
मी तो तीनदा नव्यानं शिवलाय.
बटणं तेवढी पहिल्या दिवसाची,
आणि त्यांतलंही एक माझ्या आईच्या डब्यातलं.

न्यूपोर्टात सध्या दुसरा विषय नाही.
ह्यू प्रॉसर कलेजी तोलता तोलता म्हणतो,
उंचच पाहिजे, पहिल्यासारखा, दारातून वाकून येणारा.
डेलिथच्या सट्ट्याच्या दुकानात फळ्यावर भाव लागलेत:
तो विनोदी नट, एकास चार;
हवामान सांगणारी ती बाई, एकास अकरा;
तळाशी, खडू संपत आल्यासारखं बारीक,
'कुणीतरी भलतंच', एकास दोन.
वर्सामे टॅक्सी थांबवून काच खाली करतो,
"एलुनेदबाई, आमच्यातला होईल का हो एखादा?
पोरगी विचारत होती."
काच वर जाताना म्हणतो, "पोरगी नाही. मीच."
आणि चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या मिसेस पॅरी:
किती तोंडं बदलणार? मरू द्या आता बिचाऱ्याला.

सगळे बोलतात आणि माझ्याकडे बघतात.
काखेत कळसा म्हणतात, तसा
कोट माझ्या काखेत, आणि गावाला वळसा.
मी म्हणते, मला काय ठाऊक.
ते खोटं नाही. मला नुसते आकडे कळवतात.
नाव नाही, वय नाही, बाई की बाप्या तेही नाही.

काल आले.
छाती चौतीस. खांदा चौदा. बाही साडेबावीस.

चौतीस!
वहीची मागची पानं उलटली:
बेचाळीस, चाळीस, तिसऱ्याचे चव्वेचाळीस
(दर नाताळानंतर अर्धा इंच वाढवत नेलेले),
अडतीसच्या खाली कुणीच नाही.
प्रॉसरचा उंच माणूस गेला.
वर्सामेचं अजून सांगता येत नाही,
फितीला चामडीचा रंग कळत नाही.

रात्री अस्तर उसवलं, मोंढा आत घेतला, कच्चा दोरा घातला.
बाहीचा लोंबा बघायचा तर अंगावर चढवावी लागते,
आणि आमचा लाकडी पुतळा तांडेलांच्याच मापाचा, धिप्पाड.
म्हणून मी घातला.

बसला.
खांद्यावर कुठे ओढ नाही, पाठीत सुरकुती नाही.
आरशात चष्मा, बोटात अंगुस्तान, त्रेसष्ट वर्षं.
खिडकीबाहेर ओहोटी लागलेली,
अस्क नदीचा चिखल चंद्रावर असावा तसा चमकत होता.
मी हात वर केला.
"काठ सोडा," म्हटलं.
आधी पुटपुटले. मग जरा मोठ्यानं.
तिसऱ्या वेळी असं म्हटलं
की कात्री टेबलावरून खाली पडली.

दारावर टकटक. गेथिन, रात्रपाळीचा.
"कोण आहे आत?"
"मीच," म्हटलं,
आणि क्षणभर मलाच नक्की सांगता येईना, कोण.

कोट खुंटीला आहे. सकाळी न्यायला येतील.
जो कोण असेल, किंवा जी,
शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया सोडून ठेवलीय.
अंग भरतं या कामात. सगळ्यांचं भरलं.
खिसे रिकामे करून देण्याचा नियम आहे.
पावती फेकली.
गोळी मी खाल्ली.